संकष्टीच्या सकाळची कोळंबी

१

बुधवारी संकष्टी होती. आमच्या घणसोलीच्या सोसायटीत त्या दिवशी कांदासुद्धा पिशवीत तोंड लपवून वर येतो. अशा सकाळी बायको देवापुढे दुर्वा निवडत बसली होती आणि शेजारी पडलेल्या तिच्या फोनवर, काळ्या पडद्यावर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत निरोप उमटला : ‘होडी आली. कोळंबी ताजी. वाटा राखून ठेवू?’

बायकोने आधी फोनकडे पाहिलं, मग गणपतीकडे, मग माझ्याकडे. तिघांत दोषी मी ठरलो. खरं तर सोमवारी लिफ्टमध्ये ‘खाडीताजी’ नावाच्या नव्या ॲपचं पत्रक लागलं होतं आणि पहिलं पापलेट फुकट आहे म्हणून नाव तिनेच नोंदवलं होतं. पण फुकटाचं जमा तिच्या खात्यावर आणि पाप माझ्या नावे, ही आमच्या घरातली पद्धत जुनी आहे.

थोड्याच वेळात वरच्या-खालच्या मजल्यांवरूनही तोच सूर ऐकू यायला लागला. अख्ख्या सोसायटीच्या उपासावर कोळंबी उडाली होती. मला हसू येत होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. रंजिता होती.

तिने विचारलं, खाडीताजी तुमच्याकडे आलं का. मी म्हटलं, आलं, आणि बऱ्या दिवशी आलं. ती हसली नाही.

“सुधीरकाका,” ती म्हणाली, “ते माझं आहे.”

२

आधी आमचं मंडळ सांगायला हवं. नाव खाडीकाठ वेब मंडळ. वेबसाइटी आणि ॲपं बनवणारे ऐरोली-रबाळे-घणसोलीचे लोक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तळवलीच्या एका हॉलमध्ये जमतात, एकमेकांना शिकवतात, समोसे खातात आणि घरी जातात. कुणी काही घेत नाही, कुणी काही देत नाही. मला प्रोग्रामिंगचं ओ की ठो कळत नाही. मी रबाळ्यातल्या पाइपांच्या कारखान्यात हिशेब बघतो. हॉल माझ्या मेहुण्याच्या ओळखीने मिळतो, म्हणून त्यांनी मला घेतलं, आणि मी मागच्या खुर्चीवर बसून माणसांची खाती लिहायला लागलो, अर्थात मनात. फुकट काम करणाऱ्या माणसांइतकी गमतीची खाती दुसरीकडे सापडत नाहीत. तिथे प्रत्येकाला वाटत असतं की आपली बाजू जमेची आहे.

या मंडळाचा एक रिवाज आहे. ज्याला शनिवारी लोकांपुढे काही दाखवायचं असेल त्याची आधी तालीम होते. तीन जुनी माणसं एकामागून एक, वेगवेगळ्या दिवशी त्याचं काम बघतात आणि चुका काढतात. काम करणाऱ्याने आपली प्रत त्यांना घरी न्यायला द्यायची, त्यांनी निवांत चाळायची, चूक सांगायची आणि प्रत पुसून टाकायची. पहिल्याने सांगितलेली चूक सुधारून मग दुसऱ्याकडे जायचं, त्याची सुधारून तिसऱ्याकडे. चूक न काढता कुणाला परत पाठवणं म्हणजे पाहुण्याला चहाशिवाय पाठवणं. आमच्यात ते होत नाही.

रंजिता तळवलीचीच. तिची आई भागीरथी बाजारात मासे विकते. पोरगी कारखान्यात पॅकिंगला होती, तिथून संध्याकाळी आमच्या हॉलवर यायला लागली आणि चार वर्षांत आमच्यातली सगळ्यात चटपटीत झाली. तिने आपल्या आईसाठी आणि आईच्या मैत्रिणींसाठी ‘वाटा’ नावाचं ॲप केलं होतं. होडी लागली की मासेवालीने एकदा बोट ठेवायचं, सोसायटीतल्या गिऱ्हाइकाला निरोप जातो, गिऱ्हाईक वाटा राखून ठेवायला सांगतं. दलाल मध्ये नाही.

येत्या शनिवारी ती ते दाखवणार होती आणि त्यासाठी मासेवाल्या बायकांची संस्था खास येणार होती. संस्थेच्या अध्यक्ष रंगूबाई. पसंत पडलं तर सगळ्या बायका ‘वाटा’ घेणार, आणि रंजिता कारखाना सोडून त्याच कामाला लागणार, असं ठरत आलेलं. त्याच्या आधीच सोमवारी खाडीताजीवाले बाजारात येऊन गेले. हुबेहूब तेच घेऊन.

रंगूबाईंनी भागीरथीला बाजारातच तोडून सांगितलं होतं, “दोगांचं एकच दिसतंय. कुनी कुनाचं उचललं ते शनिवारपत्तुर सांगा. चोरीचा माल आमी घेत नाय, मंग तो आपल्या पोरीचा का असंना.”

दुपारपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर बातमी पसरली. कुंदनने लिहिलं की कंपनीवाल्यांचं आधी बाजारात आलं, म्हणजे उचललं कुणी हे उघड आहे. रंजिताने आपल्या कामाच्या तारखा दाखवल्या. त्यावर कुणीतरी म्हणालं, तारखा काय, मागच्या घालता येतात. आणि ते खरं होतं. कुणी चोरेल या भीतीने तिने काम स्वतःच्या लॅपटॉपबाहेर कुठे ठेवलंच नव्हतं. तालमीच्या तीन प्रती सोडल्या तर.

शेवटी मंडळ चालवणाऱ्या विपुलने शांतपणे लिहिलं : रंजिताच्याच भल्यासाठी शनिवारचा कार्यक्रम पुढे ढकलू या.

मी ते वाचलं, मला पटलं, आणि मी चारुलताला फोन केला.

३

चारुलता म्हणजे आमची चारुताई. एका कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घेते. अशा बाईच्या घरचे लोक कसे राहतात हे मला कधी कळलेलं नाही. तिने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं की तालीम कोणी कोणी घेतली.

पहिली कुंदनने, दुसरी मनस्वीने, तिसरी विपुलने.

“म्हणजे चोर तिघांतला,” ती म्हणाली. “आपलाच आहे. आधी रडून घ्यायचं असेल तर घ्या, मग निघू.”

रंजिताला आम्ही तिच्या घरीच गाठलं. पोरगी जेवली नव्हती. भागीरथी दाराशी बसून सुका जवळा पाखडत होती आणि आमच्याशी एक शब्द बोलत नव्हती. तिच्या हिशेबात आम्ही सगळेच मंडळवाले, म्हणजे आम्ही सगळेच चोर. मला ते फार चुकीचं वाटलं नाही.

चारुताईने रंजिताला एकच काम सांगितलं : कोणी कोणती चूक काढली आणि तू काय बदललंस ते सांग. रंजिताने सांगितलं. सुरुवातीला पडदा पांढरा होता आणि त्यावर बारीक बारीक बटणं होती. कुंदन म्हणाला, मासेवालीचं बोट ओलं असतं, ते बारीक बटणावर चालत नाही. मग तिने अख्खा पडदाच एक बटण करून टाकला. मनस्वी म्हणाली, बाजारातल्या उन्हात पांढरा पडदा दिसत नाही, काळ्यावर पांढरी अक्षरं कर. तिने करून पाहिलं, पांढरी अक्षरंही डोळ्यांवर यायला लागली, म्हणून तिची तिनेच पिवळी केली.

“आणि विपुलने?”

रंजिताचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा जरा उजळला. “दादांनी काहीच चूक काढली नाही. म्हणाले, मस्त झालंय, आता काही बदलू नकोस.”

भागीरथी जवळा पाखडायची थांबली. आमच्याशी नाही, सुपाशी बोलावं तसं म्हणाली, “त्या दिशी मी त्या सायबाकडं दोन पापलेटं पाठवली होती. निवडून.”

तरी तू काही बदललंसच ना, असं चारुताईने विचारलं. रंजिता ओशाळली. दादा नको म्हणाले होते तरी तिने एक गोष्ट घातली होती : वार. कुणी गुरुवारी खात नाही, कुणी सोमवारी, कुणी चतुर्थीला. गिऱ्हाइकाने आपले वार एकदा सांगून ठेवायचे, त्या दिवशी निरोप जात नाही. मासेवालीच्या घरात वार सगळ्यांना पाठ असतात, म्हणूनच ते लिहायचं तिला इतके दिवस सुचलं नव्हतं.

खाली उतरताना मी म्हटलं, उघड आहे. काळा पडदा मनस्वीने सुचवला. कंपनीच्या ॲपला काळा पडदा आहे. रिक्षात बसल्यावर मी मोठ्या तोऱ्यात दुसरा पत्ता टाकला. कारखान्यात एकाने मला दुपारीच सांगितलं होतं. मनस्वीने नोकरी बदलली होती. नवी कंपनी कोणती, तर खाडीताजी.

४

गुरुवारी आम्ही आधी कुंदनकडे गेलो. रबाळे स्टेशनसमोरच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. वेबसाइटी बनवतो, फ्लेक्सही छापतो, लग्नाच्या पत्रिकाही. माणूस तोंडाने कडू आणि कामाला चुकार. त्याच्या खात्यावर मी कधीच फार जमा धरलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी विपुलने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, तेव्हापासून तो मंडळात येतो तो मंडळाला नावं ठेवायला.

चारुताईने त्याला आरोप वगैरे काही केला नाही. कागद-पेन पुढे केलं आणि तालमीच्या दिवशी पडद्यावर काय दिसलं ते काढून दाखव म्हणाली. कुंदन कुरकुरत बसला, मग पांढऱ्या चौकोनात बारीक बारीक बटणं काढली.

“याच्यावर ओलं बोट ठेव म्हटलं तिला. नाय चाललं. पोरीचं तोंड बघायला पायजे होतं,” तो म्हणाला. “पन दुसऱ्या दिवशी विचारायला परत आली. तिच्यात हाय दम.”

मग ग्रुपवर तसं का लिहिलंस, असं मी विचारलं. त्याने खांदे उडवले. कंपनीचं आधी आलं, ते दिसलं म्हणून लिहिलं. चारुताईने प्रत पुसलीस का विचारलं तर म्हणाला, कोण पुसत बसतो. त्याच्या मशीनवर जगाचा कचरा साचलेला होता, त्यात रंजिताची प्रतही होती. रिवाज मोडल्याबद्दल मी त्याला बोलणार होतो. चारुताईने मला डोळ्यांनी गप्प केलं आणि त्याला बजावलं, या प्रतीला हातही लावू नकोस.

मनस्वी ऐरोलीच्या एका कॅफेत भेटली. ती आली तीच रडून आली होती. तिला कळलं होतं की सगळे तिचंच नाव घेताहेत. खाडीताजीत ती लागून महिनाही झाला नव्हता, तिच्याकडे बिलं भरण्याचा भाग होता, आणि मासेवालीचा पडदा तिने सोमवारी, सगळ्यांबरोबरच पाहिला. तिने तिथे वरिष्ठांना विचारलं, हे कुठून आलं. बाहेरून घेतलं, एवढंच उत्तर मिळालं.

“मग सोमवारीच रंजिताला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

नवी नोकरी आहे, म्हणाली. घरी तिच्या एकटीचाच पगार आहे. मी ते तिच्या नावे टाकलं. चोरी नाही, पण गप्प बसणं, आणि तेही मैत्रिणीच्या बाबतीत.

तिच्यापुढेही कागद ठेवला. तिने पांढरा पडदा काढला, मधोमध एकच मोठं बटण. चारुताईने विचारलं, नंतर रंजिताने तुला सुधारलेलं दाखवलं का. नाही, शनिवारीच बघ म्हणाली होती, सरप्राइज म्हणून.

बाहेर आल्यावर मी म्हटलं की चित्र काय, तिने मुद्दाम पांढरं काढलं असेल. काळ्याची कल्पना तिचीच होती.

चारुताई रस्त्यातच थांबली. “सुधीरभाऊ, काळ्यावर पांढरं, ही तिची कल्पना. पिवळं तिला ठाऊकच नव्हतं. आणि नीट विचार करा. चूक ज्याने दाखवली, त्याने चूक असलेलीच प्रत पाहिलेली असते. चूक सुधारलेली प्रत त्याच्या पुढच्याने पाहिलेली असते.”

मी विचार केला. कुंदनने पाहिली ती बारीक बटणांची. मनस्वीने पाहिली ती मोठ्या बटणाची, पण पांढरी. काळ्यावर पिवळी पाहिली ती…



५

विपुलबद्दल काय सांगू. आमच्या मंडळात असा माणूस नाही ज्याची नोकरी विपुलच्या ओळखीने लागलेली नाही. माझ्या भाच्याचीही. हॉलच्या खुर्च्या मांडायला तो सगळ्यांच्या आधी येतो, समोसे कमी पडले तर आपल्या वाटणीचा दुसऱ्याला देतो. पोरं त्याला दादा म्हणतात. आणि त्याची तालीम म्हणजे तालीम. आत बसलेलं पोरगं घामाघूम होऊन बाहेर येतं, हातात चुकांची भलीमोठी यादी, आणि तरी खूश असतं. विपुलदादांनी आपल्याला इतका वेळ दिला म्हणून.

त्याने आम्हाला त्याच्या ऑफिसच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीवर बोलावलं. आत पाहुण्यांना सोडत नाहीत म्हणाला. गळ्यात ओळखपत्र होतं. हसून बोलला, रंजिताची चौकशी केली, पोरीचं फार वाईट झालं म्हणाला. कागदावर त्याने काळा पडदा काढला आणि अक्षरं पिवळी होती असं स्वतःहून सांगितलं. मग म्हणाला, माझी प्रत मी पुसली, पण माझा लॅपटॉप कुणीतरी उघडला असेल, मी शोध घेतोय. इतकं सरळ बोलला की मला बरं वाटलं. माझ्या मनाने लगेच एक नवा चोर उभा केला, अनोळखी, बाहेरचा.

परतताना मी तसं म्हटलं. चारुताईने विचारलं, गेटमधून बाहेर पडणाऱ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्या पाहिल्यात का.

पाहिल्या होत्या. हिरव्या.

“विपुलची निळी होती,” ती म्हणाली. “त्या कंपनीने पट्ट्या दिवाळीतच बदलल्या. नवी पट्टी त्याला मिळालेली नाही. त्याला आत जाताही येत नाही, म्हणून आपण टपरीवर बसलो.”

म्हणजे नोकरी गेली होती. महिन्यामागून महिने तो सकाळी बॅग घेऊन घरातून निघत होता, त्या गेटपर्यंत जात होता, टपरीवर बसत होता. आणि मंडळाच्या शनिवारी आम्हा सगळ्यांना नोकऱ्या लावत होता. त्याची चौकशी आमच्यापैकी कुणी केली नव्हती.

मी म्हटलं, नोकरी गेली म्हणजे चोर झाला असं नाही. लॅपटॉप खरंच कुणी उघडला असेल. चारुताई म्हणाली, असेल. म्हणूनच उद्या त्याला हॉलवर बोलवा, रंजितालाही. मला त्याला एकच प्रश्न विचारायचाय.

६

शुक्रवारी ऑफिसं सुटल्यावर हॉलमध्ये आम्ही चौघे होतो. खुर्च्या घडी करून भिंतीला लावलेल्या. विपुलने आल्या आल्या चार उलगडून मांडल्या, सवयीने. रंजिता त्याच्या शेजारी बसली. तिला अजून काही ठाऊक नव्हतं. दादा काहीतरी मार्ग काढणार म्हणून ती आली होती.

चारुताईने पायऱ्या मांडल्या. बारीक बटणांची प्रत कुंदनकडे अजून आहे. मोठ्या बटणाची, पांढरी, मनस्वीने पाहिली. काळ्यावर पिवळी विपुलने. आणि वार घातलेली फक्त रंजिताकडे. कंपनीचं ॲप काळ्यावर पिवळं आहे आणि संकष्टीला कोळंबी पाठवतं, म्हणजे त्याला वार माहीत नाहीत. ते नेमकं तिसऱ्या पायरीचं आहे. रंजिताने कंपनीचं उचललं असतं तर तिच्या आधीच्या दोन पायऱ्या कुंदन आणि मनस्वीने कुठून पाहिल्या असत्या?

रंजिताने सुटकेचा श्वास सोडला. मग तिसरी पायरी कुणाची हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने विपुलकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता. काळजी होती. “दादा, तुमचा लॅपटॉप कुणी घेतला?”

विपुल म्हणाला, तेच शोधतोय.

“शोधा,” चारुताई म्हणाली. “मला वेगळंच वाईट वाटतं. विपुल, तुझं वय झालं. बाजारातल्या बाया हसताहेत म्हणे. संकष्टीला कोळंबी पाठवणारं ॲप, आणि ते विपुलदादांच्या तालमीतून पास झालेलं. एवढी ढळढळीत चूक तुला दिसली नाही. पूर्वीचा विपुल असता तर…”

मी विपुलकडे बघत होतो. चोरीच्या गोष्टीला त्याने पापणी हलवली नव्हती. आता त्याच्या मानेवर रक्त चढलं.

“दिसली नाही?” तो म्हणाला. “पहिल्या मिनिटाला दिसली. त्या दिवशी गुरुवार होता. माझा उपास होता आणि पडद्यावर बोंबील आले.”



“मग हिला का नाही सांगितलीस?” चारुताईने विचारलं.

माणूस सगळे आळ सोसतो, पण ज्या एका गोष्टीत तो पक्का आहे तिथे चुकला म्हटलेलं सोसत नाही. विपुल तिथे सापडला. ज्याच्या हातून इतक्या वर्षांत एक पोर चुकांशिवाय सुटलं नाही, त्याने चूक पाहिली आणि मस्त झालंय म्हणाला. कारण जे काम आपण आधीच दुसऱ्याला द्यायचं ठरवलंय, ते हिच्याकडे पुढे जाऊन चालणार नव्हतं. आहे तिथेच थांबायला हवं होतं.

तो खाली बघून बोलला. खाडीताजीवाल्यांनी त्याला मोठ्या हुद्द्याची नोकरी कबूल केली होती, अट एवढीच की येताना काहीतरी तयार घेऊन यायचं. रंजिताची प्रत त्याच आठवड्यात हातात आली. पुढच्या महिन्यात तो रुजू होणार होता. घरी अजून काही सांगितलेलं नाही, म्हणाला.

मला वाटलं रंजिता रडेल, नाहीतर ओरडेल. ती खुर्ची थोडी मागे घेऊन बसली, एवढंच.

“दादा, अजून किती होत्या?”

“काय?”

“चुका. माझ्या कामात. तुम्हाला दिसलेल्या.”

“बऱ्याच,” विपुल म्हणाला.

ती उठली, चप्पल घातली आणि जिना उतरून गेली. मी तिच्या मागे गेलो. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली होती. म्हणाली, “काका, चोरलं त्याचं एवढं नाही. मी पुन्हा नवं केलं असतं. पण त्यांनी मस्त म्हटलं त्या रात्री मी आईला उठवून सांगितलं होतं.”

विपुलच्या खात्यावर मी वर्षानुवर्षं जमाच लिहीत आलो होतो. ती पुसता येत नव्हती, आणि त्यासमोर काय मांडायचं तेही कळत नव्हतं.

७

शनिवारचा कार्यक्रम ढकलला नाही. दुपारी हॉल भरला. मासेवाल्या बायका पुढच्या रांगेत, टापटीप नेसलेल्या, केसांत गजरे, रंगूबाई मधोमध. मंडळाची पोरं मागे उभी. कुंदन आपला जुना लॅपटॉप घेऊन आला होता. मनस्वी आली आणि रंजितापासून दूर, भिंतीशी बसली.

विपुल येणार नाही असं मी धरलं होतं. तो आला. आत बसला नाही, दारातच उभा राहिला. बायकांकडे बघून म्हणाला की हे काम रंजिताचं आहे, मी तिची प्रत कंपनीला दिली, आणि ते मी कंपनीलाही आज सकाळी कळवलंय. एवढं बोलून तो निघाला. पोरांनी वाट दिली. कुणी शिवी दिली नाही, कुणी दादा म्हणून हाकही मारली नाही. खुर्च्या त्या दिवशी कुंदनने मांडल्या होत्या, वाकड्या.

रंजिताने ‘वाटा’ दाखवलं. भागीरथीने उठून ओल्या बोटाने पडद्यावर होडी आणली. बायका हसल्या, दोघीतिघींनी स्वतः बोट ठेवून बघितलं. एकीने वारांचं विचारलं, रंजिताने आपल्या आईचा मंगळवार लावून दाखवला. रंगूबाईंनी शेजारणींशी कुजबुज केली आणि जाहीर केलं, “ठरला. घेतला आमी. झकास केलंस गो पोरी.”

टाळ्या पडल्या. भागीरथीने पदराने डोळे पुसले. कारखाना सुटला, नाव धुतलं गेलं, आठवडाभर जे टांगलेलं होतं ते सगळं पोरीच्या पदरात पडलं. मी हिशेबनीस, मला वाटलं आता ती हसेल.

रंजिताने माइक खाली ठेवला आणि रंगूबाईंच्या पुढ्यात येऊन उकिडवी बसली. “आजी, काय चुकलंय ते सांगा.”

“काय नाय गो. चांगलं हाय.”

“नाही, असेलच काहीतरी. सांगा ना.”

रंगूबाईंनी चमकून भागीरथीकडे पाहिलं. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाल्या, चांगलं हाय, खरंच चांगलं हाय. रंजिता तशीच बसून राहिली, त्यांच्या तोंडाकडे बघत, आणि तिला ते खरं वाटेना.